रात्रपाळी

डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डात एक वेगळीच घाई असते. बिल भरून झालेलं असतं, खाली अ‍ॅम्ब्युलन्सवाला दोनदा फोन करून चुकलेला असतो, पुढच्या पेशंटसाठी चादर बदलायला मावशी दारात येऊन उभ्या असतात. अशाच एका दुपारी, एक बाजू गेलेल्या ऐंशीच्या घरातल्या आजींना घरी न्यायची तयारी चालली होती. सिस्टर सुनेला भराभर सांगत होत्या: ही गोळी सकाळी, ही जेवणानंतर, ही अर्धी, व्यायामाला फिजिओ येतील, बारा दिवसांनी दाखवायला आणा. फाइल हातात देता देता शेवटचं वाक्य, "आणि दर दोन तासांनी कूस बदला हं, पडून पडून पाठीला फोड, बेडसोर, यायला नको." इतका वेळ मान डोलावणारी सून थांबली. "सिस्टर, रात्रीसुद्धा?" "हो ताई, रात्रीसुद्धा." सिस्टर पुढच्या कॉटकडे वळल्या. मुलगा पिशव्या उचलून लिफ्टकडे निघाला होता.

तो प्रश्न तेव्हापासून डोक्यात अडकून बसलाय. उत्तर चुकीचं होतं असं नाही, पण बाईंनी विचारलं होतं वेगळंच. त्यांना विचारायचं होतं की हे करणार कोण. वॉर्डात दर दोन तासांनी कूस बदलणारे हात पाळीपाळीने बदलतात. घरी ते बदलत नाहीत. दहा, बारा, दोन, चार, सहा असं उठायचं, दर वेळी कूस बदलून, डायपर बघून, उश्या नीट लावून पुन्हा आडवं व्हायला पंधरा-वीस मिनिटं जाणार, मग झोप लागायला आणखी थोडी. म्हणजे सलग झोप दीड तासाच्या वर जाणारच नाही. आणि हे आठ दिवसांचं नव्हे. अर्धांगवायूचं माणूस घरी आलं की महिने मोजायचे असतात, कधी वर्षं. डिस्चार्ज कार्डावर आजींचं वजन, बीपी, शुगर सगळं लिहिलेलं असतं. ज्या बाईने हे सगळं करायचं तिचं वय, तिची कंबर, तिची स्वतःची बीपीची गोळी, यासाठी त्या कार्डावर रकाना नाही.

दोन तासांचा आकडा रुजला कुठून? १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलच्या इस्पितळात लुडविग गुटमन या डॉक्टरांनी युद्धात मणका मोडलेल्या सैनिकांसाठी खास विभाग सुरू केला. तोवर अशी तरणीताठी माणसं पाठीच्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने दगावायची. गुटमन यांनी रात्रंदिवस दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायचा शिरस्ता घातला आणि तो कडकपणे पाळून घेतला. पण तिथे हे करायला ऑर्डर्ली, म्हणजे वॉर्डातले मदतनीस होते, त्यांच्या पाळ्या होत्या. नियम जगभर पसरला, घरोघरी पोचला. पाळ्या मागे इस्पितळातच राहिल्या. २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या नर्सिंग होममधल्या नऊशेहून जास्त वृद्धांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदलणाऱ्या तीन गटांत जखमा होण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. अट एवढीच, की सगळे दाट फोमच्या चांगल्या गादीवर झोपत होते आणि त्यांच्या कातडीवर लक्ष ठेवलं जात होतं. हल्लीच्या मार्गदर्शक सूचनाही माणूस, कातडी आणि गादी बघून वेळ ठरवा असंच म्हणतात. म्हणजे "रात्रीसुद्धा?" याचं खरं उत्तर असं निघतं: पहिले काही दिवस दोन तासांनीच. रोज सकाळी कातडी तपासा. ती स्वच्छ राहिली तर डॉक्टरांना विचारून रात्रीचं अंतर आधी तीन तासांवर, मग चारवर न्या. अकरा, तीन आणि सात. कुठे डाग दिसला की पुन्हा मागे या. हे सांगायला वॉर्डात तीन-चार मिनिटं लागतील, आणि ती मिनिटं तिथे कुणाकडे नसतात.

मग कातडी तपासणं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. सकाळी अंग पुसताना खिडकीच्या उजेडात, नाहीतर मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघायचं. माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपरं, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू, आणि कुशीवर झोपणाऱ्याचा कान. कान सगळे विसरतात. कुठे लाली दिसली तर बोटाने दोन-तीन सेकंद दाबून सोडायचं. जागा पांढुरकी होऊन परत लाल झाली तर रक्त फिरतंय. लाल ती लालच राहिली, तर फोडाची पहिली पायरी सुरू झाली असं धरायचं आणि त्या जागेवरचं वजन पूर्ण काढायचं. सावळ्या कातडीवर मात्र लाली बऱ्याचदा दिसतच नाही. तिथे जागा आजूबाजूपेक्षा काळपट किंवा जांभळट दिसते, हाताला गरम किंवा गार लागते, टणक नाहीतर लिबलिबीत लागते. म्हणून डोळ्यांइतकंच बोटांनी बघायचं. अशा जागेवर तेल-पावडर लावून चोळायचं अजिबात नाही. आत आधीच दबलेल्या बारीक रक्तवाहिन्या चोळण्याने आणखी फाटतात. स्पिरिट लावून पाठ रगडायची रीत एकेकाळी इस्पितळांतही होती आणि जुन्या मावश्या अजून मनापासून ती करतात. त्यांना गोडीत थांबवावं लागतं. हवा भरलेली रबरी रिंगही नको. मधला भाग अधांतरी राहतो खरा, पण रिंगची कड भोवतालचं रक्त अडवते आणि मधल्या जागेचे आणखी हाल होतात.

कूस बदलणं म्हणजे माणूस पुरता आडवा कुशीवर टाकणं, अशी समजूत असते. तसं केलं की सगळं वजन खुब्याच्या एका टोकदार हाडावर येतं आणि फोड पाठीऐवजी तिथे होतो. त्यापेक्षा पाठीमागे उशी खोचून साधारण ३० अंश तिरपं ठेवायचं. अंश मोजायला कोणी कोनमापक घेऊन बसत नाही. खालून हात सरकवून बघायचं: माकडहाडही मोकळं आणि खालच्या बाजूचा खुबाही मोकळा, वजन मधल्या मांसल भागावर. गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली एक, अशी की टाचा गादीला टेकणारच नाहीत. टाचेखालून कागद सहज सरकला पाहिजे. या तिरप्या झोपेचा खरा फायदा रात्री कळतो. मध्यरात्री सगळं अंग उलथापालथं करायची गरज राहत नाही. डावीकडची उशी हळूच ओढून काढायची, उजवीकडे खोचायची, टाचा बघायच्या, संपलं. कधी कधी आजींची झोपही मोडत नाही. आणि जेवणाची वेळ सोडली तर डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा वर ठेवायची नाही, कारण माणूस घसरत खाली येतो. हाड खाली सरकतं, कातडी चादरीला चिकटून वरच राहते, आणि मधलं मांस आतून फाटत जातं. असा फोड वरून रुपयाएवढा दिसतो आणि आत मुठीएवढा असतो.

एअर बेडबद्दल थोडं सविस्तर, कारण पैसे तिथे जातात आणि वायाही तिथेच जातात. साध्या गादीवर ही हवेची गादी पसरायची, पंप कॉटच्या पायथ्याशी अडकवायचा. काही काही मिनिटांनी यातल्या नळ्या किंवा बबल आळीपाळीने फुगतात आणि बसतात, त्यामुळे अंगाखालची दाबाची जागा बदलत राहते. घरोघरी होतं काय, तर गादी खराब होऊ नये म्हणून वर मेणकापड, मेणकापड गरम लागतं म्हणून त्यावर गोधडी, आणि वर चादर कडेला घट्ट खोचलेली. इतक्या थरांवरून हवेचा चढउतार अंगाला पोचतच नाही. वर एकच पातळ सुती चादर, सैल. पंपाची खुंटी पेशंटच्या वजनाप्रमाणे फिरवायची असते, पण गादी टणक लागली की "चांगली भरली" असं वाटून ती शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलेली असते. तपासणी सोपी आहे: माणूस झोपलेला असताना एअर बेडच्या खाली, बरोबर माकडहाडाच्या जागी, तळहात वर करून सरकवायचा. हाताला वरचं हाड लागलं तर हवा कमी आहे. मध्ये निदान इंचभर हवा हवी. पंप कॉटच्या लोखंडाला टेकला की रात्रभर घूं घूं करतो. मध्ये घडी घातलेला नॅपकिन अडकवला की आवाज बराच उतरतो, फक्त पंप झाकायचा नाही. लाइट गेली की पंप बंद. गावाकडे तर हे ठरलेलंच, तेव्हा इन्व्हर्टरला पहिली जोडणी पंख्याआधी पंपाची. आणि एवढा सगळा खटाटोप केला तरी एअर बेड कूस बदलून देत नाही. दुकानदार तसं सुचवतो.

आता कंबर. आजींची नव्हे, सुनेची.

घरातला दिवाण जमिनीपासून जेमतेम दीड फूट. दिवसातून दहा-बारा वेळा त्यावर ओणवं होऊन पन्नास-पंचावन्न किलो हलवायचं, तर दोन-तीन महिन्यांत घरात दुसरी पेशंट तयार होते. कॉट भाड्याने आणताना "फाउलर" म्हटलं की त्याची फक्त डोक्याकडची आणि गुडघ्यांकडची बाजू उचलते. उंची तीच राहते. उंची वर-खाली होणारी वेगळी मिळते, थोडं भाडं जास्त पडतं, आणि माझ्या मते एअर बेडच्या आधी तिच्यावर पैसे घालावेत. अंग पुसताना, डायपर बदलताना ती करणाऱ्याच्या कमरेपर्यंत वर घ्यायची. आजींना कडेला बसवायचं असेल तेव्हा त्यांचे तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील इतकी खाली. दिवाणाखाली विटा लावणारे असतात. विटा सरकतात. लावायचंच तर सुताराकडून खाच पाडलेले लाकडी ठोकळे करून घ्यावेत, पाय त्या खाचेत बसला पाहिजे. आणि आजी स्वतः उतरायचा प्रयत्न करणाऱ्या असतील तर तेही नकोत.

वळवायचं कसं, हे शब्दांत कितीही लिहिलं तरी एकदा कुणाच्या देखरेखीखाली करून बघावं लागतं. तरी सांगते. आधी आवाज द्यायचा, "आई, कूस बदलूया हं," कारण झोपेत अचानक हलवलं की माणूस घाबरून अंग ताठ करतं आणि मग वजन दुप्पट लागतं. ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला आपण उभं राहायचं. त्या बाजूचा हात आधी अंगापासून लांब करून ठेवायचा, नाहीतर तो अंगाखाली अडकतो. पलीकडचा हात छातीवर, पलीकडचा गुडघा वाकवून तळपाय गादीवर टेकवलेला. आपला एक हात त्यांच्या पलीकडच्या खांद्याच्या पात्यामागे, दुसरा खुब्यामागे. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे थोडे वाकलेले. एक, दोन, तीन म्हणून आपलं वजन पुढच्या पायावरून मागच्या पायावर घ्यायचं. हाताने खेचायचं नाही. आपण मागे झुकलो की त्या आपोआप आपल्याकडे वळतात. गेलेल्या बाजूचा हात धरून कधीही ओढायचं नाही, काखेत हात घालून उचलायचंही नाही. त्या खांद्याला धरून ठेवणारे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा सुटतो, आणि त्याची कळ पुढे वर्षभर पुरते. ब्लाउज घालताना गेलेला हात आधी, काढताना शेवटी. खाली घसरलेल्या माणसाला वर सरकवायला खांद्यांपासून मांड्यांपर्यंत दुहेरी घडीची आडवी चादर कायमची अंथरून ठेवावी. डोक्याकडची बाजू आधी सपाट करायची, दोघांनी दोन्हीकडून चादरीच्या कडा अंगाजवळ गुंडाळून धरायच्या आणि एका दमात सरकवायचं. एकटं असाल तर आजींना चांगला गुडघा वाकवून टाचेने रेटा द्यायला सांगायचं. निम्मं काम त्याच करतात, आणि आपण काही केलं याचं त्यांना बरं वाटतं तो भाग वेगळाच.

इथवरचं सगळं करणाऱ्याच्या बाजूचं झालं. पण आजीही गप्प बसलेल्या नसतात. संध्याकाळी सहानंतर त्या पाणी पीत नाहीत. विचारलं तर म्हणतात, तहान नाही. तहान असते. रात्री सुनेला उठवावं लागू नये म्हणून त्यांनी स्वतःच काढलेला तो तोडगा असतो, आणि तो अंगावर उलटतो. लघवी गडद होते, जळजळते, मलावरोध होतो, जीभ कोरडी पडते. या वयात लघवीच्या संसर्गाला ताप येतोच असं नाही. माणूस एका दिवसात वेगळं वागायला लागतं. नावं चुकतात, उलटसुलट बोलतात, नाहीतर दिवसभर झोपून राहतात. घरच्यांना वाटतं, वयच झालं. एका-दोन दिवसांत झालेला असा बदल म्हातारपणाचा नसतो. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा असतो. पाण्यावर उपाय एकच, ते बंद न करता पुढे ओढायचं. हृदयासाठी किंवा किडनीसाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं नसेल, तर दिवसभराचं बहुतेक पाणी सकाळी सहा ते संध्याकाळी पाच या वेळात भागवायचं, २०० मिलीच्या एका ठरलेल्या पेल्याने, म्हणजे हिशेब राहतो. पाण्याची गोळी, म्हणजे लघवी जास्त करणारी, दिवसातून दोनदा असेल तर दुसरी रात्री जेवणानंतर दिली जाते आणि मग सगळं घर रात्रभर जागं. डॉक्टरांना विचारून ती दुपारी तीन-चारच्या आत आणता येते. पायांना सूज असेल तर दुपारी तासभर पाय उशीवर वर. नाहीतर दिवसभर पायांत साठलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर बाहेर पडायला लागतं. झोपायच्या अगदी आधी बेडपॅन. रात्रीपुरता चांगला डायपर लावण्यात काही कमीपणा नाही. काढल्यावर जागा कोमट पाण्याने पुसून, टिपून कोरडी करायची आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ हात फिरवायचा. जाड लेप नको, डायपरची शोषण्याची ताकद त्यानेच मरते.

खाण्यापिण्यातही असाच उलटा प्रकार असतो. अर्धांगवायूनंतर गिळायला सगळ्यात अवघड काय, तर साधं पाणी. ते जिभेवरून इतक्या झपकन उतरतं की घशाला तयारीच होता येत नाही आणि ते श्वासनळीकडे वळतं. जाडसर पेज, खिमट, घट्ट नाचणीची आंबील, मऊ दही हे सोपं. पातळ आणि घट्ट एकत्र असलेलं, जसं पातळ वरणात फिरणारी भाताची शितं किंवा चहात अर्धवट विरघळलेलं बिस्किट, फसवं. चहा-बिस्किट बंद करायला सांगितलं की घरात जे नाट्य होतं ते वेगळंच. बिस्किट पूर्ण कालवून लापशी केली तर चालतं. ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा, चांगल्या बाजूने. घसा वर-खाली झालेला दिसल्याशिवाय पुढचा चमचा नाही. शेवटी गेलेल्या बाजूच्या गालात बोट फिरवून बघायचं, घास तिथे साठून राहतो. जेवल्यावर अर्धा तास बसूनच. ठसका तर कळतोच, पण जेवणानंतर आवाज ओला, घोगरा झाला तरी तो इशाराच. या एका जेवणाला पाऊण तास लागतो आणि तेवढ्यात सुनेचं ताट गार होतं.

औषधांचं एक-दोन गोष्टींत आटपते, कारण चुका ठरावीक असतात. घरच्या डॉक्टरांची जुनी बीपीची गोळी आणि इस्पितळाने दिलेली नवी, नावं वेगळी, आतलं औषध एकच, आणि दोन्ही चालू. स्ट्रिपवर बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ औषधाचं नाव वहीत उतरवून काढलं की हे सापडतं. नावापुढे "एसआर" किंवा "एक्सएल" असलेली गोळी कुटून द्यायची नाही. कित्येक तासांत हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं. सर्दीची साधी म्हणून दिलेली गोळी म्हाताऱ्या माणसाला भ्रम करू शकते आणि प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी तुंबवू शकते. आणि इन्सुलिन. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलीला ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटवाली. मेडिकलवाल्याकडे लाल संपली म्हणून नारिंगी आणली आणि तिच्यावरचे आकडे बघून तेवढंच भरलं, तर डोस अडीच पट कमी जातो. उलटं झालं, म्हणजे १०० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लावली, तर अडीच पट जास्त, आणि ते जिवावर बेततं. टोचण्याआधी ताट समोर असलं पाहिजे. घाम, थरथर, अचानक विचित्र बोलणं, शुगर ७०च्या खाली: शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर थोड्या पाण्यात घट्ट कालवून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट इस्पितळ.

दिवेलागणीची वेळ वाईट असते. उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, आणि दिवसभर बरी असलेली माणसं "मला घरी सोडा" म्हणायला लागतात, चाळीस वर्षं त्याच घरात राहिलेली. वाद घालून काही होत नाही. अंधार पडायच्या आधीच दिवे लावावेत, पडदे ओढावेत, चष्मा आणि कानाचं मशिन अंगावर आहे ना बघावं. निम्मी भीती नीट न दिसण्या-ऐकण्याचीच असते.

आणि मग येते रात्र, जिथून सगळं सुरू झालं. नर्सिंग ब्युरोकडून मावशी घ्यायच्या ठरल्या की घरं जवळजवळ नेहमी दिवसाची पाळी घेतात. दिवसाचं काम दिसतं, रात्रीचं दिसत नाही. पैसे एकाच पाळीचे असतील तर माझं म्हणणं रात्रीची घ्या. दिवसा घरात ये-जा असते, शेजारीण डोकावते, शाळेतून आलेला नातू पाणी देतो. रात्री कोणी नसतं. रोजची परवडत नसेल तर आठवड्यातून दोन रात्री, पण ठरलेल्या. "जमेल तेव्हा"ला अर्थ नाही, शरीराला ती झोप येणार आहे हे माहीत असावं लागतं. चोवीस तासांची बाई ठेवली म्हणजे ती चोवीस तास जागी राहील असं नव्हे. तिलाही सहा-सात तास झोपावं लागतं, आणि ते ठरवताना ठरवावं, नंतर कुरकुर करू नये. मावशी नसतीलच तर रात्रीचे दोन तुकडे करा. दहा ते दोन एकाचे, दोन ते सहा दुसऱ्याचे. "त्याला सकाळी ऑफिस असतं" हे खरं आहे, म्हणून त्याने दहा ते दोन घ्यावेत आणि सातपर्यंत झोपावं. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं. त्याच हॉलमध्ये सतरंजीवर पडून प्रत्येक खोकला ऐकत राहणं म्हणजे सुट्टी नव्हे. वन रूम किचनमध्ये ते अवघड असतं. मग शेजाऱ्यांकडे झोपायला जाणारी माणसंही आहेत, आणि शेजारी सहसा नाही म्हणत नाहीत.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याचं सर्वेक्षण केलं. घरच्या माणसांचं विनामोबदला करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी १३४ मिनिटं जात होती, पुरुषांची ७६; आणि मुळात ते करणाऱ्या पुरुषांचं प्रमाणच बायकांच्या साधारण निम्मं. यात मुलांचं करणंही आलं. केंद्र सरकारी नोकरीत मुलांच्या संगोपनासाठी बायकांना सगळ्या नोकरीत मिळून ७३० दिवसांची रजा आहे, आणि ती असायलाच हवी. आईच्या किंवा सासूच्या अंथरुणासाठी अशी वेगळी रजा नाही. आपलीच साठवलेली रजा खर्चायची. सत्तरीपुढच्या सगळ्यांना २०२४पासून आयुष्मानचं पाच लाखांचं संरक्षण मिळालं. ते इस्पितळात भरती झाल्यावरचं. घरी आणल्यानंतरची मावशी, डायपर, कॉटचं भाडं यात येत नाही, आणि लांबलेल्या आजारात खर्चाची खरी गळती तिथे असते. पुण्यात वारज्याला १९९७पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या देखभालीचं केंद्र आहे, मुख्यतः कॅन्सरच्या पेशंटसाठी. घरच्या माणसाला हाताने शिकवणं हा तिथल्या कामाचाच भाग आहे. बाकी ठिकाणी हे आपणच मागून घ्यावं लागतं: डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सिस्टरना सांगायचं, उद्या नको, आज माझ्याकडून एकदा कूस बदलून घ्या, मी चुकते ते दाखवा. बहुतेक सिस्टर आनंदाने दाखवतात. आणि त्या वेळी मुलालाही तिथे उभं करायचं, लिफ्टजवळ नाही.

पहाटे तीनला चिडचिड होतेच. डायपर जरा जोरात ओढला जातो, तोंडातून एखादं वाक्य निघून जातं, आजी भिंतीकडे तोंड करतात. सकाळी सून त्यांच्या चहात साखर जास्त घालते. यावर घरात कधीच बोललं जात नाही, कारण बोललं तर ती वाईट ठरते. देखभाल करणाऱ्यावरचं ओझं मोजायला झारिट यांच्या नावाची एक प्रश्नावली आहे, २२ प्रश्नांची, प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण ८८. राग येतो का, लाज वाटते का, स्वतःच्या तब्येतीवर परिणाम झालाय का, असंच त्यात विचारतात, म्हणजे हे सगळं इतकं नेहमीचं आहे की त्याची प्रश्नावली छापून तयार आहे. तो राग बहुतेक वेळा आजींवरचा नसतो. ती झोप न झालेली सलग चौथी-पाचवी रात्र असते. आधी दोन रात्री झोपू द्या आणि मग बघा किती उरतो. झोप मिळूनही रडू आवरत नसेल, काही नकोसं वाटत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी एल्डरलाइनचा १४५६७ वेगळा. कॉटजवळच्या वहीत शुगर, बीपी, शी, पाणी, कूस अशा रकान्यांशेजारी एक रकाना "करणाऱ्याची सलग झोप, तास" असा आखावा. भेटीला येणारे डॉक्टर वही चाळतातच.

आणि भेटायला येणारे नातेवाईक. ते रविवारी अकराला येतात, अर्धा तास बसतात, "खूप करतेस गं" म्हणतात, चहा पिऊन जातात. तो चहाही तीच करते. त्यांना विचारायला शिकायला हवं: आत्या, शनिवारी दोन ते पाच बसाल का? बसणाऱ्यासाठी कॉटला एक कागद चिकटवायचा. शेवटची कूस किती वाजता आणि कोणत्या बाजूला. पुढची कधी, आणि ती न बदलता नुसती उशी काढली तरी चालेल. आडवं असताना काही भरवायचं नाही, पाणीसुद्धा. ठसका लागला तर थांबायचं, पाणी पाजायचं नाही. साखरेचा डबा कुठे, शुगर मोजायचं मशिन कुठे, फोन कोणाला. त्या तीन तासांत सुनेने बाजारात जायचं नाही, दार लावून झोपायचं. शिवाय येताना सफरचंदं आणू नका म्हणून सांगायलाही हरकत नाही. एक बाजू गेलेल्या माणसाला कच्चं सफरचंद देता येत नाही. ते सोलून, वाफवून, गाळून चमच्याने भरवावं लागतं, आणि ते करायला पुन्हा तिलाच उठावं लागतं.